अख्खं गाव गप्प बसलं

"माझी पोर काय शेळी आहे, घंटी बांधून फिरवायला?"

आईचा आवाज एवढा चढला की कुंपणावरची कोंबडी फडफडत खाली आली. समोर शेजारच्या शिंपीणकाकू उभ्या होत्या, ओठांत टाचण्या, गळ्यात मापाची टेप. त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या कमरेला एक पितळी घंटी बांधली होती. जुन्या नाडीत ओवलेली आणि पोरीला रुतू नये म्हणून खाली मऊ कापडाची घडी घातलेली. काम चोख होतं. पण आईला ती घडी दिसलीच नाही, नुसती घंटी दिसली.

"अहो, सोय म्हणून बांधली," काकू टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या. "परवा कशी सटकली होती! कुठं आहे ते कानाला कळावं, म्हणून."

"आमची पोर कुठं असते ते आम्हाला कळतं."

"कळतं तर मग परवा एका पायात चप्पल घालून गल्लीभर का पळत होतात?"

झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. आईनं गाठ सोडायचीही वाट बघितली नाही. हिसका मारून नाडी तोडली आणि घंटी काकूंच्या दारात भिरकावली. ती टणटण उड्या मारत त्यांच्या शिलाई मशीनखाली जाऊन पडली. काकूंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या, एकेक करून उशीत टोचल्या, आणि दार लावून घेतलं.

जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती मात्र फरशीच्या फटीवर पाऊल ठेवत चालली होती. फट संपली की वळायचं, पुन्हा चालायचं. तिला आम्ही मुंगी म्हणतो ते यामुळेच. फट असो, भिंत असो, कपडे वाळत घालायची दोरी असो, एक रेघ सापडली की तिच्या टोकापर्यंत गेल्याशिवाय ती राहत नाही. मुंगी सात वर्षांची आहे आणि बोलत नाही. तिला काही कळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. मी उदास असले की ती येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसते. तेवढं आमच्या वर्गातल्या भल्याभल्यांना कळत नाही.

तिला मोठे आवाज सोसत नाहीत. भोंगा, फटाका, कुणी एकदम हाक मारली तरी दोन्ही हातांनी कान दाबते आणि जिकडे शांत असेल तिकडे धावत सुटते. पाठीमागे कुणी पळालं तर आणखी जोरात. आणि तिला आवडतं काय, तर दाणे. आई मका साफ करायला बसली की मुंगी डब्याशी येते, मुठीतून दाणे सोडते, सर्रर्र, पुन्हा मूठ भरते, पुन्हा सर्रर्र. तासन्‌तास. तेव्हा घर सोडाच, जग इकडचं तिकडे झालं तरी ती हलायची नाही.

आता हे मी तुम्हाला सांगते आहे. गावात कुणाला ठाऊक होतं? कुणालाच नाही. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला नीट समजावलं होतं, "ही मुलगी वेगळ्या तऱ्हेनं वाढेल. एकट्या घराला झेपायचं नाही, आजूबाजूच्यांना सांगून ठेवा." आईनं मान हलवली, परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसली, आणि घरी आल्यावर झाकली मूठ तशीच झाकलेली. कुणी विचारलं की एकच उत्तर, "आमचं आम्ही बघू." बाबा दुधाच्या गाडीवर, पहाटे जातात ते संध्याकाळी येतात. म्हणजे 'आम्ही' म्हणजे आई. आणि शाळेतून आल्यावर मी.

त्याच दिवशी दुपारी आमच्या शिवारात मका कापून दाणे काढणारं मोठं मशीन आलं.

ते वर्षातून एकदा येतं आणि एका शेतातून दुसऱ्यात जातं, आणि त्याच्या मागोमाग अख्खं गाव जातं. ज्याचं शेत कापून झालं तोही घरी जात नाही, कारण दाणे पसरायला, कडब्याचे भारे बांधायला माणसं लागतात. शाळाही लवकर सोडतात, नाहीतरी वर्ग रिकामेच असतात. मी दप्तरासकट शेतावर पोचले तेव्हा पलीकडच्या शेताची कापणी झाली होती. ते शेत कुरकुऱ्याकाकांचं. (हे नाव गावानं ठेवलंय. ऊन पडलं तरी कुरकुर, सावली आली तरी कुरकुर.) त्यांचे दाणे बांधाला लागून ताडपत्रीवर पसरले होते, पिवळेधमक.

आमचा मका अजून उभा होता. माझ्या डोक्यावर हातभर उंच आणि कडकडीत वाळलेला, नुसता वारा आला तरी हजार कागद फाटल्यासारखा वाजायचा. वर आभाळ भरून येत होतं. आई मशीन पोचत नाही तिथली, बांधाकडची कणसं हातानं मोडत होती. मुंगी तिच्या पायाशी डबा घेऊन बसली होती.

तेवढ्यात मशीनवाल्यानं आमच्या शेतात शिरताना सगळ्यांना बाजूला करायला भोंगा वाजवला.

मी डबा उलटा झालेला बघितला. मग मुंगीचा लाल झगा मक्यात शिरताना बघितला. आणि मग नुसता मका. बास. पानं एकदा हलली आणि तिच्यामागे अशी मिटली की तिथून कुणी गेलं होतं हे सांगूनही खरं वाटू नये.

"बंद करा!" आई मशीनपुढे जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून, त्या दातेरी लोखंडापुढे. मशीनवाल्याला वर काचेआड काही ऐकू जात नव्हतं, पण आई दिसली. मशीन धडधडत थांबलं.

"बाई, मरायचंय का?" तो उडी मारून खाली आला.

"माझी पोर आत आहे."

एवढं ऐकलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं चावी काढून खिशात टाकली. मग भीती पसरली खरी, पण तिच्या पाठोपाठ गाव आलं. गाव म्हणजे काय चीज आहे ते अशा वेळी दिसतं! भारे टाकून बायका आल्या, लोहारकाका आले, मघाशी दार लावून घेतलेल्या शिंपीणकाकूसुद्धा टेप गळ्यातच ठेवून पळत आल्या. कुणी काही विचारलं नाही. लोहारकाकांनी हुकूम सोडला.

लोहारकाकांना सगळे भोंगाकाका म्हणतात. जन्मभर ऐरणीशेजारी उभं राहून त्यांचे कान गेलेत आणि घसा तेवढा उरलाय. मक्यात रानडुकरं शिरली की हाकारे घालायचं काम त्यांचंच. प्रत्येक बांधावर काठीला पत्र्याचे डबे टांगलेले असतात. डबे बडवायचे, ओरडायचं, डुकरं एका बाजूनं बाहेर काढायची. त्यात आमच्या गावाचा हात धरणारं कुणी नाही.

"चारही बाजू धरा!" ते गरजले. "एकही बाजू मोकळी सोडू नका, रस्त्यावर जाईल! डबे घ्या! वाजवत वाजवत आत सरका! पोर आपोआप सापडते!"

आणि सगळ्यांनी डबे बडवायला सुरुवात केली.

ढणढणढणढण. कानठळ्या. "मुंगेऽऽ! ए मुंगेऽऽ!" चारही बाजूंनी. लोकांचे चेहरे लालभडक झालेले, शिरा ताणलेल्या, जीव तोडून वाजवत होते बिचारे. माझ्या हातातही कुणीतरी डबा दिला. मी वाजवलाही. मोठ्यानं ओरडलेसुद्धा. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणताना घशात अडकायचे. यंदा वक्तृत्वात पहिली आले तेव्हापासून माझा आवाज मलाच आवडायला लागलाय. तेव्हा मी अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज काढला.

आणि ओरडताना माझा पाय पाण्याच्या काळ्या नळीला अडखळला.

नळी बांधाकडून मक्यात सरळ गेली होती. रेघ! काळी, सरळ, न संपणारी रेघ. मुंगी जिथून आत शिरली तिथूनच नळी जात होती. आणि ती कुठं संपते हे मला ठाऊक होतं. आमच्या शेताच्या ऐन मधोमध जुनी विहीर आहे. तिचा कठडा मागेच ढासळला. बाबा दर हंगामात म्हणतात, कापणी झाली की बांधू.

चारही बाजूंनी आवाज. मग शांत जागा कुठं उरली? मधोमध. आम्ही तिला सोडवत नव्हतो, विहिरीकडे हाकत होतो.

"ओरडू नका!" मी ओरडले. "थांबा! डबे थांबवा!"

कोण ऐकतंय? मी भोंगाकाकांचा हात धरून डबा हिसकावला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"अगं पोरी, गप्प बसून कधी कुणी सापडलंय का? डुक्कर काय मुकाट्यानं..."

"ती डुक्कर नाहीये!" मी त्यांच्या कानातच ओरडले.

ते दचकले. पण माझं ऐकून बाकीचं गाव थांबेना. मी आईकडे बघितलं. आईला सगळं कळलं होतं, नळी कुठं जाते तेही, आवाजाचं काय होतं तेही. तरी तिचे ओठ मिटलेले. इतकी वर्षं मिटलेले ओठ एकदम उघडतात थोडेच! मग ती मशीनच्या पायरीवर चढली. तिनं डोक्यावर दोन्ही हात नेले आणि जोरात हलवले. एकेक डबा थांबत गेला.

"ऐका," आई म्हणाली. "माझ्या पोरीला आवाज सोसत नाही. जन्मापासून. कान दाबून ती जिकडे शांत तिकडे पळते. आत विहीर आहे. तुमच्या पाया पडते, कुणी आवाज करू नका. कुणी आत जाऊ नका. पाचोळा वाजला तरी ती पळेल."

कुणी हललं नाही. वारा आला, मका सळसळला, थांबला.

आणि त्या शांततेत मधून आवाज आला. डुबुक.

आई पायरीवरून जवळजवळ पडलीच. मी तिला घट्ट धरलं. ती मक्याकडे झेपावत होती आणि मी माझ्या सगळ्या वजनानिशी तिला लोंबकळले होते. मला वाटत होतं, मी हिला अडवून चूक तर करत नाही ना? या एका क्षणात हिनं आत उडी मारली असती तर? सोडू? नको सोडू? शिंपीणकाकूंनी पुढे येऊन आईला दुसऱ्या बाजूनं धरलं. सकाळी ज्या हातांनी नाडी बांधली त्याच हातांनी.

डुबुक. पुन्हा.

"ढेकळं," मी आईच्या कानात म्हणाले. "आई, ती ढेकळं टाकतेय पाण्यात. ती वरच आहे." पडलेलं माणूस दुसऱ्यांदा पडत नाही, एवढा हिशेब त्या वेळी कसा सुचला कोण जाणे. पण म्हणजे ती काठावरच होती. ढासळलेल्या, भुसभुशीत काठावर, वाकून.

"मग आता?" काकूंनी नुसते ओठ हलवले.

ताडपत्रीवरचे दाणे माझ्यासमोरच होते. मी एक डबा घेतला, मूठ भरली, आणि वरून सोडली. सर्रर्र. आईनं माझ्याकडे बघितलं. ती तिथंच मातीत बसली, दुसरा डबा ओढला आणि मूठ भरली. मग काकू. मग मशीनवाला, काळ्या तेलकट हातांनी. शब्द न बोलता खुणेनं निरोप गेला. बायका ओट्यांत दाणे भरून अनवाणी, पाय उचलून उचलून टाकत बांधाबांधानं गेल्या. ज्यानं त्यानं आपला बडवायचा डबा मांडीवर घेतला.

कुरकुऱ्याकाका पुटपुटले, "माझे दाणे मातीत जाणार सगळे." आणि असं पुटपुटत स्वतःच ताडपत्रीचा कोपरा उचलून सगळ्यांच्या ओंजळी भरत राहिले.

पाऊस पडायला लागावा तसा आवाज झाला, पण बारीक, हलका. चारही बांधांवरून. सर्रर्र. थांब. सर्रर्र. अख्खं गाव गप्प बसलं होतं. आमचं गाव, जिथं दोन माणसं भेटली की चौघांएवढा गलका होतो! एका तान्ह्यानं रडायला तोंड उघडलं तर त्याच्या आईनं त्याला छातीशी लावलं. भोंगाकाकांना खोकल्याची उबळ आली. मी बघत होते, ते जांभळे पडले, डोळे बाहेर आले, तोंडात पंचा कोंबला, पण खोकले नाहीत. त्यांना आपला आवाज केवढा होतो ते कळतच नाही, म्हणून बिचाऱ्यांनी पंचा तसाच तोंडात ठेवला.

डुबुक थांबलं.

हे त्याहून वाईट होतं. ढेकूळ पडत होतं तोवर ती आहे हे कळत होतं. आता काय? आईचा हात डब्यावर थांबला. "चालू ठेव," मी खुणावलं, आणि माझी पुढची मूठ भरली. आभाळ अगदी खाली आलं होतं. मक्याच्या पानांत दरवेळी वाऱ्यानं काही हललं की वाटायचं, ती. आणि ती नसायची.

भोंगाकाका नळीच्या तोंडाशी, मक्याकडे पाठ करून बसले होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ते खाली मान घालून नुसते दाणे सोडत होते. त्यांच्या मागची पानं हलली. वारा नव्हता.

आधी एक पाऊल दिसलं. नळीवर. मग दुसरं. लाल झगा, गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात अजून ढेकूळ. मुंगी नळीवरून बाहेर आली, टोकापर्यंत आली, आणि तिथं रेघ संपली म्हणून थांबली. समोर भोंगाकाकांची पाठ. तिनं ढेकूळ टाकलं, त्यांच्या काखेखालून हात घातला आणि डब्यातले दाणे मुठीत घेतले.

काका थिजले. त्यांनी मान वळवली नाही. फक्त डबा हळूच तिच्याकडे झुकवला. पंचा तोंडात, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या. नाक ओढायचीही त्या माणसाची हिंमत नव्हती! सर्रर्र. मुंगीनं मूठ सोडली. लोकांचा जीव भांड्यात पडतो म्हणतात, त्या दिवशी आमच्या गावाचा त्या डब्यात पडला.

कुणी धावलं नाही. कुणी 'सापडली' म्हणून ओरडलं नाही. आई गुडघ्यांवर रांगत तिच्याजवळ गेली आणि शेजारी बसली. हात लावला नाही, नुसती शेजारी बसली. मग मुंगीनंच तिच्या मांडीवर पाय टाकले.

मग पाऊस आला. आमचा मका उभा होता तसाच भिजला आणि कुरकुऱ्याकाकांचे अर्धे दाणेही. ते घरी जाईपर्यंत कुरकुरत होते, पण कुजबुजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुधाच्या गाडीवर न जाता भोंगाकाकांबरोबर विहिरीचा कठडा बांधायला गेले. आमच्या दारावरून जाताना काका आईला काहीतरी म्हणाले. इतक्या हळू की आईनं "काय?" विचारलं, पुन्हा "काय?" विचारलं. शेवटी बाबांनी सांगितलं, "हळू बोलतोय तो, मुंगीसाठी." माणूस ओठ हलवत होता, आवाजच बाहेर येत नव्हता.

आई मुंगीला घेऊन काकूंच्या दाराशी गेली. मीही गेले. काकूंनी आम्हाला बघितलं आणि लगेच शिलाई मशीनवरचा पाय काढला. खडखड थांबली.

"बसा ना," त्या म्हणाल्या.

आई उंबऱ्यावर बसली. "काल घंटी..."

"जाऊ द्या हो. मलाही पुढचं मागचं विचारायला हवं होतं."

"मीही सांगायला हवं होतं." आईनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "सांगू का आता? काय सोसतं, काय सोसत नाही ते?"

"सांगा. पण आधी एवढंच सांगा, माझ्या या खटाऱ्याचा त्रास होतो ना तिला? ती दिसली की मी बंद करते. काम पडून राहिलं तरी चालेल, पण पोरीला नको."

आईनं वर बघितलं. "अहो, त्रास कसला! हा आवाज तर तिला आवडतो. त्या दिवशी ती पळून कुठं आली होती? तुमच्याकडेच. तुमचं मशीन ऐकायला."

"अगं बाई!" काकूंनी कपाळावर हात मारला. "आणि मी तिच्याशी बोलायला म्हणून बंद केलं! मग जाईल नाही तर काय करेल बापडी!"

त्यांनी पाय टेकवला. खडखडखड. मुंगी मशीनला चिकटली, सुई जिथं कापडात उतरते तिथं नाक नेऊन बसली. कापडावर एक रेघ उमटत होती. सरळ, न संपणारी.

"जा तुम्ही शेतावर," काकू म्हणाल्या. "मशीनचा आवाज येतोय तोवर पोर इथंच आहे असं समजा. ती उठली तर मी थांबेन. थांबलं की या."

आई गल्लीत उभी राहिली. दोन्ही हात रिकामे. त्या हातांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं माझं दप्तर घेतलं. चार पावलं चालली की वळून बघायची. गल्लीच्या वळणावर ती थांबलीच, चेहरा पांढरा पडलेला, काल मशीनपुढे उभी होती तसा.

"ऐकू येतंय का गं?"

मी कान दिला. लांबून, बारीक, खडखड.

"येतंय."

"नीट ऐक."

"येतंय, आई."

"मग चल," ती म्हणाली, आणि वळली.